त्रेचाळीस बिल्ले आणि एक पेला

सोमवार, ता. १ मार्च १९०९

जुनी दैनंदिनी वाळवीने खाल्ली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता. मुंबईच्या ज्या ख्रिस्ती साप्ताहिकाला मी सतरा वर्षे 'कोल्हापूरचे पत्र' लिहितो, त्याला इतका निष्ठावंत वाचक अजून लाभलेला नाही. असो. नवी वही.

आज ग्रिफिनसाहेबांनी बंगल्यावर बोलावले होते. हे आमच्या मंडळीचे नवे पाद्री. मराठी माझ्याकडे शिकले, आणि मी पडलो पाठशाळेतला, त्यामुळे साहेब पाण्याला उदक म्हणतात आणि भांडणाला वैमनस्य. त्यांचा उपदेश चालू असताना मागची बाके अगदी निःशब्द असतात. साहेबांना वाटते, अंतःकरणे द्रवली.

"शास्त्री," साहेब म्हणाले, "आपल्या मंडळीत कितीक बंधुजन परस्परांशी संभाषण करीत नाहीत?"

मी बोटांवर मोजू लागलो. दोन्ही हात संपल्यावर ते म्हणाले, "पुरे."

साहेबांच्या आजोबांच्या गावी, तिकडे स्कॉटलंडात, प्रभुभोजनाच्या आधी लायक माणसांना शिशाचे बिल्ले वाटत. बिल्ला नाही त्याला मेजाकडे येता येत नसे. साहेबांनी त्यावर आपली कल्पना बसवली आहे. प्रत्येकाला एक बिल्ला द्यायचा, पण तो स्वतःच्या कामाचा नाही. ज्याचा आपण अपराध केला असेल त्याच्याकडे जायचे, तोंडाने कबूल करायचे. त्याने क्षमा केली की तो स्वतःचा बिल्ला काढून आपल्या हातावर ठेवील. ईस्टरच्या रविवारी ज्याच्याजवळ दुसऱ्याचा बिल्ला असेल, त्यालाच प्रभुभोजनाची भाकर आणि सर्वांमधून फिरणारा पेला.

मी म्हणालो, फार सुंदर. मनात म्हणालो, साहेबांनी अजून कोल्हापूर पाहिलेले नाही.

मी मंडळीचा वडील, म्हणजे पंच, तेव्हा सगळी व्यवस्था माझ्याकडे. ईस्टर ११ एप्रिलला आहे. माणसे त्रेचाळीस.

बुधवार, ता. ३ मार्च

शाहूपुरीत इलाहीकडे गेलो. हा पितळेची कामे करतो. त्रेचाळीस बिल्ले सांगितले, वर एकेक आकडा ठोकलेला, दोरा ओवायला भोक.

"पट्टेवाल्यांचं केलं, हमालांचं केलं," इलाही म्हणाला. "ह्ये कुनाचं?"

"क्षमेचे."

"माफीचं बिल्लं? मानशी किती?"

"एक."

त्याने हातोडी खाली ठेवली. "शास्त्रीबुवा, तुमचं लगीन झालंय न्हवं? एकात भागतंय?"

ऊन रणरणत होते. त्याची बायको मलिका आतून पाण्याचा गडू घेऊन आली. मला तहान नव्हती. स्टेशनच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी नेटाने घरी पोचून दोन तांबे प्यालो. आमच्या हिने विचारले, "इलाहीभाईंकडे पाणी नव्हतं?" म्हटले, घरच्या पाण्याची गोडी निराळी. तिची पदर खोचण्याची एक पद्धत आहे, तसा खोचला.

रविवार, ता. ७ मार्च

उपासनेनंतर बिल्ले वाटले. साहेबांनी 'अपराधक्षमापन' या विषयावर पाऊण तास विवेचन केले. मग मी त्याचे मराठीतून मराठीत भाषांतर केले: "ज्याला दुखवलंय त्याच्या दारात जा, कबूल करा, बिल्ला आणा." तेव्हा कुठे मंडळी घाबरली.

पहिल्या क्रमांकाचा बिल्ला माझ्या नावे आला. यादी मीच केली होती, आणि यादी करणाऱ्यापासूनच ती सुरू होते, त्याला इलाज नाही. त्रेचाळिसावा केरबाचा.

केरबा आमच्या मंदिराची घंटा वाजवतो, झाडलोट करतो आणि शेवटच्या बाकावर शेवटी बसतो. आमच्यात जात नाही. तरी कोण कुठून आला हे सर्वांना पाठ आहे: मी ब्राह्मण आळीतून, हंबीरराव मराठ्यांच्या तालमीतून, केरबा महारवाड्यातून. हे आपले माहितीसाठी. जातिभेद मोडण्यासाठी महाराज जी पावले उचलत आहेत, त्यांचे मी माझ्या पत्रातून तीन वेळा स्वागत केलेले आहे.

माझ्याकडे क्षमा मागायला कोण येणार, हे मला ठाऊक आहे. केरबाच. अकरा वर्षांपूर्वी मंडळी कळंब्याच्या तळ्यावर वनभोजनाला गेली होती. पंगत बसली, आणि हा भर पंगतीत ओरडला, "शास्त्रीबुवांस्नी पानी वाढू नगा रं! त्येंनी घरनं तांब्या आनलाय!" माणसे पोट धरून हसली. तांब्या मी नेतो, हे खरे. ती स्वच्छतेची सवय आहे. डॉक्टर लोकही तेच सांगतात. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही. तो 'व्हय' आणि 'न्हाय' म्हणतो.

क्षमेची चार वाक्ये तयार करून ठेवली आहेत. मेघाची उपमा घेतली आहे: तो जसा उकिरडा आणि उपवन न पाहता वर्षतो, तसे माझे मन. उपमा ऐकवली तेव्हा ही म्हणाली, "यात उकिरडा कोण?"

बुधवार, ता. १० मार्च

प्रार्थनासभा. हंबीरराव उठला. अंग तालमीत कमावलेले असल्यामुळे हा कुजबुजला तरी पंचगंगेच्या घाटापर्यंत जाते.

"मी पापी हाय! आठ वर्सं झाली, प्रार्थनेत मी डोळं मिटत न्हाय!"

"मग करतोस काय?" आण्णा मास्तरांनी विचारले. हे शाळेत शिकवतात आणि मंदिरात पेटी वाजवतात. हंबीररावाचे शेजारी, दोघांत सामाईक भिंत आणि सामाईक वैर.

"बघतो! कोन खाजवतंय, कोन जांभई देतंय, कोन डुलक्या काढतंय. समद्यांस्नी मनात हसलोय. समद्यांची माफी मागतो!"

साहेबांचे डोळे पाणावले. एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण हंबीररावाला वाटले, कबुली पुरी द्यावी. त्याने नावे घ्यायला सुरुवात केली. आण्णा मास्तरांच्या पत्नी बनाबाई शेजारणीच्या बांगड्या मोजतात. मडमसाहेब घड्याळ बघतात. साहेबांचे डोळे कोरडे झाले.

"आन् आण्णा मास्तर घोरत्यात!"

"मी घोरत नाही. ती माझी श्वास घेण्याची पद्धत आहे."

"आन् शास्त्रीबुवा! तुमच्या जांभया मी धरत न्हाय. पर त्यो पेला हाय न्हवं, त्यो घेताना तुमी..."

इथे ईश्वराने आण्णा मास्तरांना उभे केले. श्वासाच्या पद्धतीवरून दोघे एकमेकांच्या अंगावर गेले आणि साहेबांनी घाईने आशीर्वाद देऊन सभा संपवली.

पेला घेताना मी काय? पहिल्या बाकावर खिडकीकडेची जागा माझी, म्हणून साहेबांच्या हातून पेला आधी माझ्याकडे येतो. एक घोट घेतो, पुढे देतो. यात बघण्यासारखे काय? ती जागा मी उजेडासाठी घेतलेली आहे. घरी येऊन हिला सांगितले तर म्हणाली, "उजेड? पेल्यात वाचायचं काय असतं?"

गुरुवार, ता. १८ मार्च

चिमणाबाई ही घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी आमची विधवा बहीण. ती आण्णा मास्तरांच्या बनाबाईकडे गेली आणि पायरीवर बसून म्हणाली, "बना, मी तुझी गुन्हेगार हाय. तू गाणं वढत वढत म्हनतीस, आमास्नी फुडं जाऊ देत न्हाईस. म्हून दोन वर्सं मी देवाला सांगत हुते, हिचा आवाज बसव."

बनाबाईचा आवाज दिवाळीपासून बसलेला आहे. वैद्य झाला, डॉक्टर झाला.

"देव ऐकंल असं वाटलं न्हवतं गं," चिमणाबाई म्हणाली. "माजं कवा ऐकत न्हाय त्यो."

बनाबाईला शिव्या देता येईनात. तिने लाटणे दाखवले. मग पाटीवर लिहिले: आधी उलटी प्रार्थना कर, मग बिल्ला.

चिमणाबाईने तीन दिवस उलटी प्रार्थना केली, आणि काल बनाबाईचा आवाज मोकळा झाला. संध्याकाळच्या सभेत तिने एक गीत बावीस मिनिटे म्हटले. चिमणाबाईला बिल्ला मिळाला आहे, पण आता सगळी मंडळी तिच्यावर रागावली आहे. हा नवा अपराध कोणत्या बिल्ल्यात बसतो, असे साहेबांना विचारले. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

सोमवार, ता. २२ मार्च

मंडळीत क्षमा संपत आली आहे. हंबीररावाला चौदा जणांची माफी मागायची आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी आपले बिल्ले आधीच दुसऱ्यांना देऊन टाकले. तो चिमणाबाईच्या दारात गेला तर ती आतूनच म्हणाली, "माजा गेला. फुडल्या वर्साला या, पावणं." त्याला शेवटी बिल्ला दिला तो आण्णा मास्तरांनी, आणि हंबीररावाचा बिल्ला मास्तरांना मिळाला. आता दोघे सामाईक भिंतीवर कोपरे टेकून तिसऱ्याची निंदा करतात. साहेब म्हणतात, हा पवित्र आत्म्याचा विजय आहे.

माझ्याकडे अद्याप कोणी आलेले नाही. रोज संध्याकाळी धूतवस्त्र नेसून ओट्यावर बसतो, म्हणजे येणाऱ्याला संकोच नको. काल केरबा समोरून गेला. मी चेहरा क्षमाशील केला. त्याने नमस्कार केला आणि गेला.

ही म्हणाली, "कदाचित तुमचा कोणी अपराध केला नसेल. तुम्ही कोणाचा केलात, ते बघा."

मी म्हणालो, तशी कोणाची तक्रार आलेली नाही.

सोमवार, ता. २९ मार्च

मुंबईचा ईस्टरचा अंक गुरुवारी छपाईला जातो. तेव्हा पत्र आजच टाकले. घडण्याआधी लिहिणे हा बातमीदाराचा धर्म नव्हे. पण टपालाचा आहे. मजकूर असा:

"ईस्टरच्या मंगल दिवशी कोल्हापूरच्या मंडळीतील त्रेचाळीसही बंधुभगिनींनी परस्परांस क्षमा करून, जातिकुलाचा लवलेशही चित्ती न ठेवता, एकाच पेल्यातून पान केले. पेला प्रथम मंडळीचे वडील शास्त्री यांनी घेतला."

शेवटचे वाक्य जागा भरायला उपयोगी पडते.

गुरुवार, ता. १ एप्रिल

लहान माणसाला पुढे यायला धीर होत नाही, म्हणून मीच केरबाच्या घरी गेलो, त्याला संधी द्यावी या हेतूने. मंदिरामागे त्याची खोली. केरबा घंटेचा दोर वळत होता.

"या," तो म्हणाला. अकरा वर्षांत प्रथमच 'व्हय' आणि 'न्हाय' सोडून काही बोलला.

त्याची बायको धोंडुबाई हिने घोंगडे टाकले आणि गूळपाणी पुढे ठेवले. मी म्हटले, आत्ताच घरून घेऊन निघालो.

"आसंल," धोंडुबाई म्हणाली, आणि वाटी तांब्या उचलून आत गेली. लगेच उचलला, जणू ठेवतानाच उचलायच्या बेताने ठेवला होता.

भिंतीला खिळ्यावर त्रेचाळिसावा बिल्ला लटकत होता. घासून लखलखीत केलेला.

"केरबा," मी सुरुवात करून दिली, "तुला कोणापाशी काही कबूल करायचं राहिलं आहे का?"

"मला? न्हाय. धोंडीचा बिल्ला घावलाय मला. तिच्यावर वरडलोतो पाडव्याला."

"आणि तुझा इथे लटकतोय."

"व्हय. कुनीतरी याचंय त्येच्यासाठी." दोराची गाठ त्याने दाताने ओढली. "अकरा वर्सं ठिवल्यागत हाय. अजून धा दिस."

मी बराच वेळ बसलो. त्याला सुचेना. शेवटी उठलो. माणूस किती हट्टी असतो!

शुक्रवार, ता. ९ एप्रिल. उत्तम शुक्रवार

दुपारची उपासना आटोपून घरी आलो. मी अजून बिल्ला क्रमांक एक कमरेला लावून हिंडतो आहे. ही आतून आली, समोर उभी राहिली.

"तुमचा बिल्ला मला हवाय."

"तू माझा काय अपराध केलास?"

ही मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथगृहात आली, सहा वर्षांची. बावीस वर्षांपूर्वी आमचे लग्न ठरले तेव्हा मी सर्वांसमक्ष जाहीर केले होते की वधूची जात विचारणार नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. हिचे नाक, हिचे स्पष्ट उच्चार, यांवरून घराणे कसे असावे याचा अंदाज मी केला होता, आणि तो हिला वेळोवेळी सांगतही आलो.

"मला माझं गाव आठवतं," ही म्हणाली. "आजऱ्याकडचं. बाबांचं नावही आठवतं. तुम्ही म्हणत आलात, तू चांगल्या घरातली असणार. मी गप्प बसले. ऐकायला बरं वाटायचं. बावीस वर्षं बरं वाटून घेतलं, त्याची क्षमा करा."

"म्हणजे चांगलं घर नव्हतं?"

"चांगलंच होतं. तुमच्या मनात आहे ते नव्हतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हीच सांगत होतात."

मी बिल्ला काढून दिला. दोऱ्याची गाठ सुटेना, ती तिनेच सोडवली. चार वाक्ये तोंडपाठ होती, त्यातले एकही आले नाही. मेघ तर आठवलाच नाही.

मग तिने चहा केला आणि पुढे धरला. "घेणार ना?" म्हणाली. हे तिने आजवर कधी विचारलेले नाही.

घेतला. जरा निवला होता, कारण मी थोडा उशीर केला. किती, ते घड्याळात पाहिले नाही. तिने पाहिले असावे.

शनिवार, ता. १० एप्रिल

सकाळच्या टपालाने मुंबईचा अंक आला. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात: मी उद्या प्रथम पेला घेतलेला आहे.

आणि माझ्याकडे बिल्ला नाही. स्वतःचा गेला, दुसऱ्याचा आला नाही. बेचाळीस जणांची सोय झाली आहे. यादी माझ्याच अक्षरात आहे. साहेबांकडे गेलो. म्हटले, नियमाला अपवाद असतात, पाणिनीनेही केले आहेत. साहेब म्हणाले, "शास्त्री, एकही अवशिष्ट नाही?"

"एक आहे," मी म्हणालो. "त्रेचाळिसावा."

"तर मग गमन करा."

हे मीच शिकवलेले मराठी. गमन केले.

केरबा उद्यासाठी घंटा खोलीत आणून पुसत होता. आज खाली बसवले नाही, म्हणाला, "बोला." मी उभाच राहून बोललो. म्हटले, तुझे बोलणे मी चारचौघांत दुरुस्त केले, तो अपराध.

"त्ये सोडा. शाळामास्तरबी करत्यात."

म्हटले, घंटा बेसूर वाजते असे मी दोनदा पत्रात छापले.

"ती फुटलीच हाय. खरं लिवलंसा."

म्हटले, अकरा वर्षे मी अबोला धरला.

"आमाला काय तरास न्हवता त्येचा. शांतता हुती."

माझ्याकडची पापे संपली. खिळ्यावरचा बिल्ला चमकत होता. दारात धोंडुबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि एकेक दाणा मोजून टाकल्यासारखी ऐकत होती. मला एकदम हंबीररावाचे अर्धे राहिलेले वाक्य आठवले. मग मलिकेचा गडू. मग कालचा चहा.

"केरबा," मी म्हणालो, "मी पहिल्या बाकावर बसतो."

"व्हय. उजेडासाठी. खिडकी हाय न्हवं तितं." तो घंटेकडे बघूनच बोलत होता. "दिसायला बरं पडतंय तुमास्नी."

त्याने मला निसटायला दार उघडून दिले होते. मला नुसते 'हो' म्हणायचे होते. ख्रिस्ती झाल्यापासून तेवीस वर्षे मी सर्वांना तेच सांगितले आहे, स्वतःलासुद्धा. आणि सवयीने जीभ 'हो'कडे निघालीही होती.

"नाही," मी म्हणालो. "उजेडासाठी नाही. पेला पहिल्यांदा मिळावा म्हणून. तुम्ही लोकांनी तोंड लावायच्या आधी. दोन वर्षांमागे उशीर झाला आणि मागे बसावं लागलं, तेव्हा मी खोकल्याचं निमित्त सांगितलं. खोकला नव्हता. मी पेला तसाच पुढे दिला."

केरबाने फडके पिळले, वाळत टाकले.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "समद्या मंडळीला म्हाईत हाय. तुमालाच तेवडं कळायचं ऱ्हायलंतं."

मग खिळ्यावरून बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "तळ्यावर मी हसवलं समद्यांस्नी, त्येबी बरं न्हवतं. पर हसलो नस्तो तर रडलो असतो. धोंडे, गूळपानी आन."

"आत्ताच घेऊन निघालेत त्ये," धोंडुबाई दारातून म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "सकाळपासून घोटभर पाणी नाही."

तिने तांब्या दिला. वरून पिण्याची माझी जन्माची सवय. पण आज नेम चुकला, अर्धे पाणी सदऱ्यावर गेले. "तोंड लावून प्या की," ती म्हणाली. "तांब्या चावत न्हाय."

रविवार, ता. ११ एप्रिल. ईस्टर

दुसऱ्याचा बिल्ला दारातल्या ताटात टाकून आत शिरलो आणि शेवटच्या बाकावर केरबाच्या पलीकडे बसलो. मंडळीत खळबळ. आण्णा मास्तरांनी चुकीचा सूर धरला; पेटी आणि बनाबाई वेगवेगळ्या गीतांत गेल्या. पहिल्या बाकावर माझी जागा रिकामी पाहून साहेब पेला घेऊन क्षणभर तिथेच थांबले. मग तो हंबीररावाकडे गेला.

मागून सगळे दिसते. सगळ्यांचे मागचे केस, मानेवरचा घाम, कोण किती मोठा घोट घेतो ते. बायकांच्या बाकांवरून ही एकदा वळली. पदर खोचलेला नव्हता.

पेल्यात द्राक्षारस म्हणून जो असतो तो मडमसाहेबांनी भिजवून उकळलेल्या मनुकांचा. पहिल्या बाकावर तो नितळ आणि गोड येतो. इतकी वर्षे मला हेच माहीत होते. शेवटी येईपर्यंत पेला कोमट होतो, कडेला बेचाळीस ओठांची साक्ष असते, आणि तळाशी गाळ. केरबाने घेतला. अगदी लहान घोट. मग पेला माझ्या हातात दिला. त्याने माझ्यासाठी ठेवले होते.

मी डोळे मिटले. (हंबीररावाने नाहीत, असे नंतर कळले.) रसाबरोबर मनुकेची सालपटे तोंडात आली, दोन की तीन. प्रसंग गंभीर. थुंकावे कुठे? मी हळूच चावू लागलो.

"चावू नगा," केरबा कानाशी कुजबुजला. "गिळा. आवाज हुतो."

गिळली.

सोमवार, ता. १२ एप्रिल

मुंबईला दुरुस्ती पाठवली: 'गेल्या पत्रात "प्रथम" असे छापले आहे तेथे "शेवटी" असे वाचावे.' संपादक म्हणतील छापखान्याची चूक. म्हणू देत.

दुपारी हिला विचारले, "गाव कोणतं?" तिने सांगितले. वडिलांचे नाव विचारले, तेही सांगितले. मग विहीर, चिंच, बैल, आईच्या हातचे आंबील, असे संध्याकाळपर्यंत सांगत होती. ते या वहीत उतरवत नाही. तिचे आहे, आणि इथे वाळवी आहे.

जाता जाता मंदिरात डोकावलो. केरबा झाडत होता. म्हटले, "केरबा, मी ठरवलं आहे. यापुढे शेवटच्या बाकावरची शेवटची जागा माझी. कायमची. पेला सर्वांच्या शेवटी मी घेणार. तसं सर्वांना सांगून ठेव."

मनात पत्राचा मजकूरही जुळत आला होता.

केरबाने केरसुणी थांबवली.

"न्हाय," तो म्हणाला. "ती जागा माझी हाय. तुमी मधी बसा की. समद्यांगत."

मधे मी आजवर कधी बसलेलो नाही. तिथे कोपरे कुठे ठेवतात, हे हिला विचारले पाहिजे.